उलटी कॉइल

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. रिलीज, रिलीजनंतरची बोंबाबोंब, वगैरे नेहमीचंच. पण आज जे लिहितोय ते मात्र गेली काही वर्षं मुद्दाम टाळत होतो, कारण त्यात मी चांगलाच तोंडावर पडलोय. असो. शनिवार आहे, दुसरा चहा झालाय, गाडी खाली धुवून उभी आहे. लिहूनच टाकतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: आमच्याकडे एक मॉरिस मायनर 1000 आहे, 1958 ची. 948 सीसीचं इंजिन, चार दरवाजे, रंग राखाडी. बाबांनी ती 1974 साली सेकंडहँड घेतली, तेव्हा ते बँकेत होते. जाणकार मंडळी 1919 ते 1930 मधल्या गाड्यांनाच 'व्हिंटेज' म्हणतात, त्यामुळे आमची गाडी फार तर 'क्लासिक'. पण आमच्या गल्लीत ती व्हिंटेजच आहे, आणि गल्लीशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तर झालं असं. 2021 च्या पावसाळ्यात गाडीची जुनी इग्निशन कॉइल गेली. गेली म्हणजे तिच्यातलं तेल झिरपायला लागलं आणि पाच मिनिटं चालली की इतकी तापायची की हात लावता येत नसे. मी बाबांना म्हटलं, तुम्ही बसा, हे मी करतो. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

नाना पेठेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "बॅलास्टवाली की बिगर बॅलास्ट?" मी अभ्यास करूनच गेलो होतो, त्यामुळे हा प्रश्न ऐकून फारच बरं वाटलं. भानगड अशी आहे की काही गाड्यांमध्ये कॉइलच्या आधी एक बॅलास्ट रेझिस्टर असतो. अशा गाडीची कॉइल साधारण दीड ओहमची असते. ज्यांच्यात तो नसतो, उदाहरणार्थ आमची, त्यांची कॉइल तीन ओहमच्या आसपास. 12 व्होल्टला तीन ओहम म्हणजे चार अँपिअर. चुकून दीड ओहमची बसवलीत तर आठ अँपिअर, म्हणजे सीबी पॉईंट काही दिवसांत जळून काळे. मी खिशातून मल्टिमीटर काढला, तिथेच काउंटरवर कॉइल मोजली. 3.1 ओहम. एकदम पास. काउंटरवाला माझ्याकडे आदराने बघतोय असं मला वाटलं. आता विचार केला तर तो बहुतेक पुढच्या गिऱ्हाइकाला वाट करून द्या म्हणत असावा.

घरी आलो. या मॉडेलमध्ये कॉइल डायनॅमोच्या डोक्यावर पट्ट्याने बसवलेली असते. दोन बारक्या वायरी, मधे एक जाड वायर. जाड वायर डिस्ट्रीब्युटर कॅपच्या मधल्या भोकात जाते, तिथे चुकायला वाव नाही. दोन बारक्या वायरींपैकी एक किल्लीच्या स्विचकडून येते, दुसरी डिस्ट्रीब्युटरच्या पॉईंटकडे जाते. नव्या कॉइलवर दोन खुणा: प्लस आणि मायनस. मी क्षणभरही विचार केला नाही. स्विचकडून काय येतं? सप्लाय. सप्लाय म्हणजे काय? प्लस. जोडलं. उरलेली वायर मायनसला. किल्ली फिरवली, चोक ओढला, स्टार्टरची नॉब ओढली, दुसऱ्या खेपेला गाडी सुरू!

त्या वर्षी दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार मीच घातला. आमच्या धंद्यात याला म्हणतात 'टेस्ट पास, डिप्लॉय करा'.

त्यानंतर हळूहळू कुरबुरी सुरू झाल्या. सकाळी गार इंजिन निमूट सुरू व्हायचं, पण बाजारातून भाजी घेऊन परत आलं की सेल्फ मारमारून बॅटरी रडवायचं. चढावर मिसिंग. पिकअप नाही. गॅरेजवाल्याने कार्बोरेटर साफ केला, पेट्रोल पंपाचे पॉईंट घासले, प्लग बदलले. नवे प्लग घातले की महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. मी एकदा प्लगची गॅप 25 थाउवरून 20 वर आणली तर चक्क सुधारणा झाली. का झाली, हे मी विचारलं नाही. पॅच चालला की मूळ बग कोण शोधतं?

मे 2022. सासवडला आत्याकडे जायचं होतं. मी कॉलवर अडकलो होतो, म्हणून आई-बाबा मॉरिस घेऊन पुढे निघाले. बाबांनी दिवे घाट त्या गाडीने किती वेळा चढला असेल याची मोजदाद नाही. त्या दिवशी अर्ध्या घाटात गाडी धापा टाकायला लागली, ठो ठो केलं आणि बंद पडली. भर दुपार. आई छत्री उघडून कठड्यापाशी बसली. बाबा तासभर सेल्फ मारत राहिले. शेवटी एका टेम्पोवाल्याने दोर बांधून वरपर्यंत ओढत नेलं. "पालखीबरोबर वारकरी हा घाट पायी चढतात," बाबा नंतर म्हणाले, "आणि आम्ही दोर बांधून." हसले, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं.

संध्याकाळी मी बसने सासवडला पोचलो. तोवर इंजिन गार झालं होतं, आणि माझ्या हातात गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी बोनेटमध्ये डोकावलो, प्लग काढून पाहिले, काळे, ओले. आणि आई, आत्या, आत्याचे यजमान या सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, तुम्ही चोक आत ढकलायला विसरलात. इंजिन फ्लड झालं."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "असेल."

बस, एवढंच. वाद नाही, चिडणं नाही. पण येताना किल्ली माझ्या हातात दिली आणि त्यानंतर त्यांनी गाडी चालवली नाही. किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर लटकत राहिली. आठवड्यातून एकदा मी गल्लीत चक्कर मारायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. बाबा बाल्कनीतून बघायचे. हळूहळू इतर गोष्टीही दिसायला लागल्या. गॅस बंद केलाय ना, हे ते दोनदा बघायचे. वीजबिल भरायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. "आता विसरायला होतं," म्हणायचे. एक्क्याऐंशीव्या वर्षी असं होतं, असं मी स्वतःला समजावलं. आणि एक दिवस म्हणाले, "विकून टाक. चांगल्या माणसाला दे."

चांगला माणूस मिळाला. कोल्हापूरचे एक गृहस्थ रविवारी गाडी बघायला येणार होते. ही गोष्ट एप्रिल 2023 ची. गिऱ्हाइकासमोर गाडीने मिसिंग करू नये म्हणून आदल्या दिवशी, शनिवारी, मी प्लग काढून बसलो. पहिल्यांदाच नीट, उजेडात, भिंग घेऊन पाहिले. प्लगला दोन टोकं असतात: मधला इलेक्ट्रोड आणि त्याच्यावर वाकलेला बाजूचा, जो बॉडीला म्हणजे अर्थला जोडलेला असतो. झीज सहसा मधल्याची जास्त होते. माझ्या चारही प्लगांमध्ये बाजूच्या इलेक्ट्रोडला आतून वाटीसारखा खळगा पडला होता. ठिणगी उलटी उडत होती.

मी माळ्यावर गेलो. बाबा काहीही टाकून देत नाहीत. जुनी कॉइल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सापडली. तिच्यावर प्लस-मायनस नव्हतंच. एका टोकाशी एस.डब्ल्यू., दुसऱ्याशी सी.बी. म्हणजे स्विच आणि कॉन्टॅक्ट ब्रेकर. शिवाय दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात: 'एस.डब्ल्यू. किल्लीकडे. सी.बी. डिस्ट्रीब्युटरकडे. गाडी प्लस अर्थ आहे.'

प्लस अर्थ! माहीत होतं हो मला. बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडायचं, हे मी दहावीत असल्यापासून करतोय. बॅटरीखालच्या ट्रेवर बाबांनी पांढऱ्या रंगाने तसं लिहूनही ठेवलंय. त्या काळातल्या बहुतेक ब्रिटिश गाड्या तशाच असत. मायनस अर्थ सगळीकडे रुळलं ते साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, ऑल्टरनेटर आणि ट्रान्झिस्टर आल्यावर. प्लस अर्थ गाडीत किल्लीच्या स्विचमधून येतं ते मायनस. मी ते कॉइलच्या प्लसला जोडलं होतं. ज्ञान होतं, पण ते बॅटरीच्या कप्प्यात होतं, कॉइलच्या कप्प्यात आलंच नाही.

आता कुणीही विचारेल (मीही विचारलं): कॉइल उलटी जोडली तर गाडी सुरूच कशी होते?

ही पद्धत चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने बसवली आणि ती 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये आली. पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची, दुसरी बारीक तारेची हजारो वेढ्यांची. पॉईंट बंद असतात तेव्हा पहिलीतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पुष्कळांना वाटतं ठिणगी तेव्हा पडते. नाही. ठिणगी पडते पॉईंट उघडतात त्या क्षणी. करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उभे राहतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर असेल तर हे सेकंदाला 100 वेळा घडतं. कंडेन्सर असतो तो करंट झटकन तुटावा आणि पॉईंटवर जाळ होऊ नये म्हणून.

पहिल्या गुंडाळीच्या वायरींची अदलाबदल केली तरी हे सगळं घडतंच. फक्त दुसऱ्या गुंडाळीतून बाहेर पडणाऱ्या व्होल्टेजची दिशा उलटते. आणि इथे मेख आहे. प्लगचा मधला इलेक्ट्रोड चिनी मातीत बसवलेला असतो, त्याची उष्णता सहज निघून जात नाही, म्हणून तो बाजूच्यापेक्षा जास्त तापतो. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून मधला इलेक्ट्रोड मायनस असावा लागतो. तो प्लस झाला तर इलेक्ट्रॉनना त्यामानाने गार असलेल्या बाजूच्या इलेक्ट्रोडमधून निघावं लागतं आणि तेवढ्याच ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं.

सपाट रस्त्यावर कॉइलकडे शिल्लक असते, ती जास्तीचं व्होल्टेज देते. तुम्हाला काही कळत नाही. पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला आणखी व्होल्टेज लागतं. कॉइल तापली की तारेचा रोध वाढतो, करंट कमी होतो. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज खाली येतं. हे सगळं एकत्र आलं की शिल्लक संपते. एकत्र कुठे येतं? मे महिन्यात, भर दुपारी, दिवे घाटात. गॅप कमी केल्यावर बरं का वाटलं तेही आता कळलं: अंतर कमी, व्होल्टेज कमी लागतं. आणि प्लग काळे-ओले का होते? ठिणगी पडली नाही की पेट्रोल जळत नाही, ते प्लग भिजवतं. चोकचा तिथे काही संबंध नव्हता.

माझ्या मल्टिमीटरने यातलं काहीच सांगितलं नसतं. ओहम बरोबरच होते. कठीण परीक्षेत मी पहिला आलो आणि नाव लिहायला चुकलो.

खात्री करायची एक जुनी युक्ती आहे, पेन्सिलची. पण तिला दोन माणसं लागतात. मी वर जाऊन म्हटलं, "बाबा, जरा सेल्फ मारता?"

अकरा महिन्यांनी ते त्या सीटवर बसले. दिवेलागणीची वेळ, गॅरेजमध्ये अंधार. इंजिन सुरू केलं. मी जाड रबरी हातमोजे घालून एका प्लगची वायर काढली आणि तिचं टोक प्लगच्या डोक्यापासून पाऊण सेंटिमीटरभर अंतरावर धरलं. मधे टोक केलेली नटराज पेन्सिल. ठिणगी पेन्सिलच्या शिशावरून उडी मारते आणि शिशाच्या एका बाजूला तिचा छोटा नारिंगी पिसारा दिसतो. पिसारा पेन्सिल आणि प्लग यांच्या मधे असेल तर जोडणी बरोबर. पेन्सिल आणि वायर यांच्या मधे असेल तर उलटी.

आमचा पिसारा वायरीकडे होता.

इंजिन बंद केलं, बॅटरी सोडवली, दोन बारक्या वायरींची अदलाबदल केली. दोन नट, तीन मिनिटं. पुन्हा इंजिन, पुन्हा पेन्सिल. पिसारा प्लगकडे. बाबाही उतरून बघायला आले होते. मी इलेक्ट्रॉन वगैरे सांगायला लागलो तर मधेच म्हणाले, "म्हणजे रेडिओच्या व्हॉल्व्हसारखं. आत तापल्याशिवाय आवाज येत नाही." आमच्याकडे पूर्वी व्हॉल्व्हचा मर्फी होता, तो ते स्वतः दुरुस्त करत. मी दोन वर्षांत जे जोडलं नाही ते त्यांनी दोन सेकंदांत जोडलं.

मग मी ते सांगितलं. हातात पेन्सिल तशीच होती.

"बाबा, तो चोक नव्हता. कॉइल मी उलटी जोडली होती. दसऱ्यापासून."

"म्हणजे घाटातही?"

"घाटातही."

ते बराच वेळ बोनेटमध्ये बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरंच झालं असतं.

"मी चोक ढकलला होता," ते म्हणाले. "मला आठवत होतं. पण तू म्हणालास, तेव्हा वाटलं की नसेल ढकलला." आणि मग, "हे तुझ्या आईला सांग. आत्यालाही फोन कर."

केला फोन. स्पीकरवर, आईसमोर. कोल्हापूरच्या गृहस्थांनाही केला, त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "गाडी ठेवताय याचाच आनंद आहे," म्हणजे माणूस खरंच चांगला होता.

ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी:

1. कॉइलला हात लावण्याआधी बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय ते डोळ्यांनी बघा. आठवणीवर जाऊ नका.

2. प्लस-मायनसवाली कॉइल असेल तर एकच सूत्र: डिस्ट्रीब्युटरकडे जाणाऱ्या टोकाची खूण आणि बॉडीला जोडलेल्या बॅटरीच्या टोकाची खूण सारखी हवी. मायनस अर्थ गाडीत मायनस, प्लस अर्थ गाडीत प्लस. उरलेलं टोक किल्लीकडे.

3. एस.डब्ल्यू.-सी.बी.वाल्या कॉइलच्या नावांत एक गृहीतक दडलेलं असतं, की गाडीचं अर्थ कारखान्यातून आलं तसंच आहे. मधल्या काळात कुणी ते बदललं असेल तर या दोन वायरींचीही अदलाबदल करावी लागते.

4. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून इतर कामं करत बसू नका. पॉईंट बंद अवस्थेत थांबले असतील तर कॉइलमधून सतत चार अँपिअर जात राहतात आणि ती तापते.

5. पेन्सिलची युक्ती अंधारात, रबरी हातमोजे घालून, दुसरं माणूस हाताशी असतानाच. हजारो व्होल्ट आहेत, पेट्रोलचा वास येत असेल तर अजिबात नको.

सहावी गोष्ट वायरिंगची नाही. पूर्ण बंद पडणारी चूक तासाभरात सापडते, कारण सगळे तिच्या मागे लागतात. बऱ्यापैकी चालणारी चूक दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जमा होत राहते. ऑफिसात अशा चुका मी 'युजर एरर' म्हणून बंद केल्या असतील, किती ते आता मोजता येणार नाही. त्या युजरपैकी कुणी माझ्या घरात राहत नव्हतं, एवढाच फरक.

पुढच्या रविवारी सासवडला निघालो. आई मागे, मी चालवायला, बाबा शेजारी. "घाट तू चढव," म्हणाले. गाडी घाट चढली, एकदाही मिसिंग नाही. वर सपाटीला लागलो तसे म्हणाले, "थांबव." उतरून फिरून माझ्या बाजूला आले. मी सरकलो. त्यांनी आरसा नीट केला, सीट पुढे घेतली, किल्ली फिरवली. तापलेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

मग गियर टाकण्याआधी माझ्याकडे वळले आणि डॅशबोर्डकडे बोट दाखवून म्हणाले, "चोक आत आहे. बघून घे."